दुखणं थांबल्यानंतरची गोळी

बेळगावात हल्ली चार माणसं एकत्र बसली की साखर आणि बीपी झाल्यावर तिसरा विषय यूरिक ॲसिडचा निघतो. कुणाचं सात पॉइंट चार असतं, कुणाचं आठ. एखाद्या लॅबचं स्वस्तातलं पॅकेज, गणपती मंडळाचं आरोग्य शिबिर, नाहीतर पुण्यातल्या मुलानं फोनवरून बुक केलेली ‘फुल बॉडी’ तपासणी. रिपोर्टात एका ओळीसमोर ठळक आकडा दिसतो आणि संध्याकाळपर्यंत मेडिकलमधून फेब्युक्सोस्टॅट या यूरिक उतरवणाऱ्या गोळीचं पाकीट घरात येतं. अंगठा सुजलेला नसतो, पाय कधी दुखलेला नसतो, डॉक्टरांची चिठ्ठीही नसते. गोळी मात्र सुरू होते आणि शेजारच्यालाही सुचवली जाते.

मी गाऊटचा, म्हणजे यूरिकचे खडे सांध्यात जमून सूज आणणाऱ्या संधिवाताचा, जुना रोगी आहे. डॉक्टर नाही, बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे, त्यामुळे इथे जे लिहितोय ते रोगी म्हणून जे शिकलो, विचारलं आणि वाचलं त्याच्या जोरावर. पण या एका बाबतीत माझं मत पक्कं आहे. रक्तात यूरिक ॲसिड वाढणं म्हणजे गाऊट होणं नव्हे. ज्यांचं यूरिक वाढलेलं असतं त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यात एकदाही झटका येत नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० साली जी मार्गदर्शक सूचना काढली, तिचाही कल असाच आहे: काही त्रास नसताना नुसत्या आकड्यासाठी यूरिक कमी करणारी गोळी सुरू करू नये. वर्षातून दोन किंवा जास्त झटके येतात, सांध्याजवळ खड्यासारख्या गाठी झाल्यात, एक्स-रेत हाड खाल्लेलं दिसतं, अशांसाठी ती गोळी आहे. टाच दुखते, गुडघा कुरकुरतो, पाठ धरते म्हणून यूरिकची गोळी घेणारे आमच्या गल्लीत बरेच आहेत. त्यांच्या टाचेचं आणि यूरिकचं काही नातं आहे का, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

खरा गाऊट आला की मात्र शंका राहत नाही. मला पहिल्यांदा आला तो डिसेंबरात, पहाटेच्या सुमारास. उजव्या पायाचा अंगठा तळाशी लालभडक, चकचकीत, गरम. पलीकडच्या खोलीत बायको चालली तरी फरशीतून कळ यायची. “अहो, काही चावलं का?” म्हणून तिनं बॅटरी घेऊन गादीखाली बघितलं. झटका रात्री येण्यामागे कारण आहे. मध्यरात्र ते सकाळ या वेळात झटक्याची शक्यता दिवसापेक्षा दुपटीहून जास्त असते, असं एका मोठ्या पाहणीत दिसलंय. रात्री अंगातलं पाणी कमी होतं आणि हातापायांची टोकं गार पडतात. यूरिक ॲसिड रक्तात दर १०० मिलिलिटरला साधारण ६.८ मिलिग्रॅमपर्यंत विरघळून राहतं, त्यापुढे त्याचे सुईसारखे बारीक खडे जमू लागतात, आणि गार जागी ते अधिक लवकर जमतात. अंगठा हा शरीराचा सगळ्यात गार कोपरा, त्यात बेळगावची थंडी. हे खडे वर्षानुवर्षं निमूट बसून असतात. एक दिवस शरीराच्या पांढऱ्या पेशींचं त्यांच्याकडे लक्ष जातं आणि भांडण पेटतं.

यातली एक गंमत अनेकांना फसवते. ऐन झटक्यात रक्त तपासलं तर यूरिक पुष्कळदा नॉर्मल येतं. “रिपोर्ट चांगला आहे, मग गाऊट नाही,” असं म्हणून माणूस घरी जातो. खरा आकडा बघायचा तर सूज उतरून दोनेक आठवडे झाल्यावर तपासावं लागतं.

आता औषधांकडे येतो. गाऊटची औषधं दोन जातींची आहेत आणि सगळा गोंधळ तिथेच होतो. उसाच्या फडाला लागलेली आग विझवणं हे एक काम, आणि पुन्हा पेटू नये म्हणून पाचट काढून टाकणं हे दुसरं. कोल्चिसिन, पेनकिलर, स्टेरॉइड ही आग विझवणारी. ॲलोप्युरिनॉल आणि फेब्युक्सोस्टॅट ही पाचट काढणारी. दुसऱ्या जातीच्या गोळीनं दुखणं थांबत नाही, आणि पहिल्या जातीच्या गोळीनं खडे विरघळत नाहीत. आमच्याकडे लोक नेमकं उलटं करतात. पाय सुजला की ॲलोप्युरिनॉल गिळतात, आणि सूज उतरली की बंद करतात.

माझे मोठे मामा खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला राहतात. शेती, चार म्हशी, आवाज अजून खणखणीत. त्यांचा आणि माझा हा वाद कायमचा. “अरे दुखणं गेलं की रे, मग उगाच गोळी कशाला गिळूलायस?” आता त्यांना काय सांगणार? दुखणं गेल्यानंतरच ही गोळी खरी कामाला लागते. यूरिक सहाच्या खाली उतरवायचं आणि तिथंच धरून ठेवायचं, म्हणजे जमलेले खडे हळूहळू परत रक्तात विरघळतात. याला महिने लागतात. गाठी झालेल्या असतील तर पाचच्या खाली आणतात, आणि तरी वर्षं लागतात. गोळी बंद केली की आकडा काही दिवसांत पूर्वपदावर येतो आणि खड्यांची जमवाजमव नव्यानं सुरू होते. झटका यायला मात्र वेळ लागतो. मधले ते निवांत महिने माणसाला पटवून देतात की गोळीची गरजच नव्हती.

ॲलोप्युरिनॉल बाजारात आलं १९६६ साली. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज या दोघांच्या प्रयोगशाळेतलं हे औषध. पुढे १९८८ च्या नोबेलमध्ये या दोघांचा वाटा होता. पण त्यांनी ते गाऊटसाठी शोधलं नव्हतं. रक्ताच्या कॅन्सरवर त्यांचंच ६-मर्कॅप्टोप्युरिन नावाचं औषध होतं, ते शरीरात फार लवकर मोडून जायचं. ते मोडणारं एन्झाइम अडवावं म्हणून ॲलोप्युरिनॉल तयार केलं. तेच एन्झाइम शरीरात यूरिक ॲसिडही तयार करतं, म्हणून यूरिकही उतरलं आणि गाऊटवाल्यांचं नशीब उघडलं. ही गोष्ट मी हौसेनं सांगत नाही. ज्या कामासाठी हे औषध जन्मलं तेच आज काही रोग्यांच्या जिवावर उठू शकतं. अझॅथायोप्रिन नावाची गोळी शरीरात जाऊन ६-मर्कॅप्टोप्युरिनच होते. किडनी बदललेले, ल्यूपसचे, आतड्याच्या दाहाचे रोगी ती घेतात. त्यावर कुणी न विचारता ॲलोप्युरिनॉल दिलं तर अझॅथायोप्रिन अंगात साठतं आणि रक्तपेशी धोकादायक प्रमाणात घटतात. फेब्युक्सोस्टॅटही तेच एन्झाइम अडवतं, म्हणून तिथेही हाच धोका. अझॅथायोप्रिन घेणाऱ्यानं गाऊटची कोणतीही गोळी हातात घेताना ते नाव आधी उच्चारलं पाहिजे, डॉक्टरांनी विचारो न विचारो.

सुरुवात कमी डोसनं करायची, हा ॲलोप्युरिनॉलचा पहिला नियम. दिवसाला १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, किडनी अशक्त असेल तर ५०, आणि मग काही आठवड्यांच्या अंतरानं रक्त तपासत वाढवत न्यायचं. “माझ्या मेव्हण्याला तीनशेची देतात, तुम्ही मला शंभरच दिलीत,” अशी तक्रार मी एका दवाखान्यात बाकावर बसून ऐकलेली आहे. डॉक्टर कंजूष नसतात. एकदम जास्त डोसनं सुरुवात केली तर दोन गोष्टी होतात. एक म्हणजे त्वचेच्या गंभीर रिॲक्शनचा धोका वाढतो. दुसरी म्हणजे खडे भराभर हलतात आणि गोळी सुरू झाल्यावरच झटका येतो.

हा दुसरा प्रकार कुणी आधी सांगितला नसेल तर माणूस हमखास बिथरतो. दुखणं कमी व्हावं म्हणून गोळी घेतली आणि पाय जास्तच सुजला! मग तो गोळी फेकून देतो, डॉक्टर बदलतो, आणि नवीन डॉक्टरला सांगतो की ती गोळी मला सोसत नाही. खरं तर सुरुवातीच्या महिन्यांतला हा झटका अपेक्षितच असतो. म्हणूनच चांगले डॉक्टर पहिले तीन ते सहा महिने सोबत कोल्चिसिनची अगदी छोटी मात्रा देतात. झटका आला तरी ॲलोप्युरिनॉल थांबवायचं नाही, झटक्यावर वेगळा इलाज करायचा. हे एक वाक्य माझ्या डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे पेनानं लिहून दिलं होतं. नर्सबाईंनी वर कानडीतून बजावलं, “ऊटा आद मेले तगोरी,” म्हणजे जेवणानंतर घ्या. पोटाला बरं पडतं म्हणून जेवणानंतर, आणि वर भरपूर पाणी.

गोळी ताबडतोब थांबवायची अशी वेळ एकच, आणि ती ओळखता आली पाहिजे. अंगावर पुरळ उठलं, ताप आला, तोंडात फोड आले, डोळे लाल होऊन चुरचुरू लागले, तर पुढची गोळी घ्यायची नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. हे क्वचित होतं, बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन महिन्यांत, पण झालं तर कातडी सोलवटण्यापर्यंत जातं. उन्हाळ्याचं घामोळं समजून पावडर मारत बसायचं नाही. पुरळ गेल्यावर मनानं परत सुरू करून बघायचं तर अजिबातच नाही. चीन, कोरिया, थायलंडकडच्या लोकांत एका विशिष्ट जनुकामुळे हा धोका बराच जास्त असतो, म्हणून तिकडच्यांची आधी रक्तचाचणी करून घ्यावी असं सांगतात. आपल्याकडे तशी सरसकट चाचणी करत नाहीत, म्हणून पुरळाकडे लक्ष ठेवणं अधिकच महत्त्वाचं.

फेब्युक्सोस्टॅटचं वेगळं प्रकरण आहे. २०१८ साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. हृदयविकार आणि गाऊट दोन्ही असलेल्या सहा हजारांवर रोग्यांत, फेब्युक्सोस्टॅट घेणाऱ्यांचे हृदयविकारानं मृत्यू ॲलोप्युरिनॉलवाल्यांपेक्षा जास्त आढळले. २०१९ मध्ये अमेरिकेनं त्या औषधावर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला. २०२० मध्ये युरोपातल्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत तसा फरक दिसला नाही. म्हणजे घाबरून जाण्यासारखं नाही. पण ज्यांना अटॅक येऊन गेलाय, स्टेंट बसलाय, त्यांनी काउंटरवर उभं राहून ही गोळी ठरवायची नाही, एवढं तरी नक्की.

आता आमच्या सीमाभागाची म्हणून जी खास अडचण आहे, तिच्याकडे वळतो. आम्ही दोन राज्यांत औषधं घेतो. १९५६ साली राज्यरेषा बदलल्या, पण माणसांच्या दवाखान्यांच्या वाटा बदलल्या नाहीत. निपाणी, चिकोडी, अथणी, कागवाडकडची माणसं मिरज-कोल्हापूरला जातात, खानापूरकडची घाट उतरून गोव्यात. बेळगावात मोठी इस्पितळं आहेत, तिथेही जातात. मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिशन इस्पितळ उभं केलं तेव्हापासून आमच्या आजोबा-पणजोबांची मिरजेवर श्रद्धा. त्यात काही वावगं नाही. पण दोन गावच्या दोन डॉक्टरांना एकमेकांचा पत्ता नसतो, आणि रोगीही सांगत नाही. बेळगावच्या डॉक्टरला मिरजेचं सांगितलं तर राग येईल, मिरजेच्या डॉक्टरला बेळगावचं सांगितलं तर कमीपणा, असं काहीतरी.

मामांचं असंच झालं. बेळगावच्या डॉक्टरांची एक गोळी सकाळी, मिरजेच्या डॉक्टरांची एक रात्री. पाकिटांचे रंग वेगळे, मोठ्या अक्षरातली नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या. खाली बारीक अक्षरात दोन्हींवर फेब्युक्सोस्टॅट ४०. शिवाय आमच्या शेजारचे निवृत्त सुभेदार एकदा माझ्याबरोबर गावी आले होते, त्यांनी आपुलकीनं स्वतःचं अर्धं पाकीट मामांना देऊन टाकलं होतं. ते ॲलोप्युरिनॉल. मामा तिन्ही मनोभावे घेत होते, कारण तिन्ही त्यांच्या लेखी वेगळी औषधं होती. मिरजेच्या डॉक्टरांना रिपोर्टात यूरिक २.९ दिसलं तेव्हा त्यांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, “आणखी कुठं दाखवता का?” मामा गप्प. बोलली ती सून.

तिनं त्यानंतर जे केलं ते मला कुठल्याही ॲपपेक्षा बरं वाटतं. घरातली सगळी पाकिटं ताटात ओतली. मोठं नाव सोडून बारीक अक्षरातलं मूळ औषधाचं नाव वहीच्या कागदावर मराठीत लिहिलं, पुढे किती मिलिग्रॅम, कधी, कुणी दिली आणि कशासाठी. एकच नाव दोनदा आलं की तांबड्या पेनानं गोल. तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मामांच्या बंडीच्या खिशात. दवाखाना बेळगावचा असो की मिरजेचा, आधी कागद टेबलावर जातो, मग मामा बोलतात. मामांना इंग्रजी येत नाही, कानडी बाजारापुरती येते. पाकिटावर मराठी कुठंच नसते, तेव्हा हा कागद त्यांचा त्यांना वाचता येतो, हेही काही कमी नाही. पाकीट कापताना औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख असलेला भाग शेवटपर्यंत ठेवायचा, हाही तिचाच नियम. मेडिकलवाले दोन-चार गोळ्या कापून देतात त्या बिननावाच्या तुकड्यांना आता त्या घरात प्रवेश नाही.

त्या कागदावर आणखी एक गोष्ट उघड झाली. मामांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषधही मिसळलेलं होतं, हायड्रोक्लोरोथायझाइड. त्यानं यूरिक वाढतं. हृदयासाठीच्या छोट्या ॲस्पिरिननंही थोडं वाढतं, टीबीच्या पायराझिनामाइडनं तर बरंच. डॉक्टरांनी मामांची बीपीची गोळी बदलून लोसार्टन दिली, तिनं यूरिक थोडं उतरतं. पण हे बदल डॉक्टरांनी करायचे. हे वाचून कुणी आपली ॲस्पिरिन बंद करील तर अंगठा वाचवायला हृदय गमवायची पाळी.

कोल्चिसिनबद्दल जरा सविस्तर लिहायचंय, कारण सगळ्यात जास्त भीती मला त्याचीच वाटते. जांबोटीहून कणकुंबीकडे जाताना पावसाळ्यात कुंपणांवर, झुडपांवर कळलावी फुललेली दिसते. पाकळ्यांची टोकं लाल, बुडाशी पिवळी, कडा लाटेसारख्या वळलेल्या, पानाच्या टोकाला वळणदार तणावा. दिसायला देखणी, पण तिचा कंद विखारी, हे गावात पोरासोरांनाही ठाऊक असतं. त्या विषाचं नाव कोल्चिसिन. युरोपात ते कोल्चिकम नावाच्या दुसऱ्याच फुलझाडातून मिळतं. तिथले वैद्य सहाव्या शतकातही त्या झाडाचा कंद गाऊटवर देत होते, आणि १८२० मध्ये पेलेतिए आणि काव्हाँतू या दोन फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी त्यातलं द्रव्य वेगळं काढलं. भारतात त्यासाठी कळलावीच्या बिया वापरतात, तमिळनाडूत तिची शेतीच होते. तेव्हा अर्ध्या मिलिग्रॅमची ती चिमुकली गोळी म्हणजे अगदी मोजून घेतलेलं विष आहे. मोजून घेतलं तर गुणकारी. पांढऱ्या पेशींची हालचाल ते मंदावतं, म्हणून खड्यांभोवतीचं भांडण शमतं.

पूर्वी पद्धत अशी होती की झटका आला की तासातासाला एक गोळी, दुखणं थांबेपर्यंत किंवा जुलाब लागेपर्यंत. आमच्या सुभेदारांना त्यांच्या नोकरीच्या काळात कुणी तसंच सांगितलं होतं आणि ते अजून तेच सांगत फिरतात. जुलाब हा विषबाधेचा पहिला निरोप आहे, तोवर थांबायचं म्हणजे निरोप येईपर्यंत विष घ्यायचं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसलं की सुरुवातीला १.२ मिलिग्रॅम आणि तासाभरानं ०.६, एवढ्यावर थांबलं तरी जुन्या मोठ्या डोसइतकाच गुण येतो आणि पोट कितीतरी कमी बिघडतं. आपल्याकडची गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची, त्यामुळे डॉक्टर साधारण दोन आणि तासाभरानं एक असं सांगतात. तेही किडनी-लिव्हर धड असेल तर. झटका सुरू झाल्यावर पहिल्या काही तासांत घेतली तर जास्त उपयोग, म्हणून ती घरात असावी. पण किती घ्यायची हे आधी, पाय शांत असताना विचारून ठेवावं. पहाटे कळा सोसत असताना माणूस मोजायच्या मनःस्थितीत नसतो. आणि ती पोरांच्या हाती लागेल अशा ठिकाणी ठेवायची नाही, कारण या विषाला उतारा नाही.

दुसरी गोष्ट याहून आडवळणाची. कोल्चिसिन शरीरातून बाहेर टाकण्याची जी वाट आहे, ती काही औषधं बंद करून टाकतात. क्लॅरिथ्रोमायसिन हे छातीच्या कफासाठी नेहमी दिलं जाणारं अँटिबायोटिक त्यातलं एक. बीपीची व्हेरापामिल, डिल्टियाझेम, बुरशीवरची केटोकोनॅझोल, किडनी बदललेल्यांची सायक्लोस्पोरिन हीसुद्धा. किडनी अशक्त असताना यातलं एखादं कोल्चिसिनच्या जोडीला आलं तर नेहमीचाच डोस विषारी ठरतो. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांबरोबर स्नायू दुखावतात, मांड्या-दंड ढिले पडल्यासारखे वाटतात. पावसाळ्यात मला खोकला झाला तेव्हा मेडिकलमधल्या मुलीनं क्लॅरिथ्रोमायसिन काढून पिशवीत घालण्याआधी विचारलं, “काका, कायमची काय चालू हाय?” मी कोल्चिसिनचं नाव घेतलं. तिनं पाकीट बाजूला ठेवलं, डॉक्टरांना फोन लावला आणि अँटिबायोटिक बदलून दिलं. अशी माणसं काउंटरमागे असतात म्हणून चिठ्ठीनंच औषध घ्यायचं, आणि नेहमीच्या एकाच दुकानातून.

पेनकिलरबद्दल फार लिहीत नाही. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, इंडोमेथॅसिन झटक्यात चालतात, चांगला गुण देतात. पण किडनी अधू, बीपी वाढलेलं, पोटात अल्सर किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती घरच्या घरी घ्यायची नाहीत. गाऊटवाल्यांपैकी पुष्कळांना यातलं काही ना काही असतंच. आठवडी बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या ‘वातावरच्या’ पुड्या आणि चूर्णं यांचा मला संताप येतो. एका दिवसात सूज उतरवणाऱ्या अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत. डॉक्टर देतात ते स्टेरॉइड मोजून, थोड्या दिवसांसाठी, साखरेवर नजर ठेवून. पुडीवाला काय मोजतो?

खाण्याचं म्हणाल तर आमच्याकडे गाऊट म्हटलं की सगळ्यात आधी डाळ बंद होते. मग पालक, टोमॅटो, वांगी. मामींनी तर मामांना आमटीच देणं सोडलं होतं, नुसता भात आणि ताक. गरिबाघरी डाळ बंद केली तर प्रथिनं कुठून मिळणार? २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४७,००० हून जास्त पुरुषांवर १२ वर्षं नजर ठेवली होती. मटण आणि समुद्रातली मासळी जास्त खाणाऱ्यांत गाऊट वाढलेला दिसला, प्युरिन (ज्याचं शरीरात यूरिक होतं ते द्रव्य) असलेल्या भाज्या-कडधान्यांनी वाढलेला दिसला नाही, आणि दूधदुभत्यानं उलट कमी झालेला दिसला. म्हणजे मामींनी ताक ठेवलं ते बरोबर, आमटी काढली ते उगाच. पाया, कलेजी, तारल्या, बांगडे यांना हात आखडता घ्यायचा. बिअर सगळ्यात वाईट, पण रम काही साधू नव्हे. सुभेदारांची कॅन्टीनची रम ‘औषधी’ असते असं ते म्हणतात, आणि दर थंडीत लंगडतात.

ज्याचा संशय कुणाला येत नाही तो म्हणजे उसाचा रस. आमचा जिल्हा उसाचा. गळीत हंगाम सुरू झाला की पाहुण्याला चहाऐवजी रसाचा तांब्या पुढे येतो. साखर, गूळ, रस, तिन्हींत फ्रुक्टोज भरपूर, आणि ते लिव्हरमध्ये जिरताना यूरिक ॲसिड तयार होतं. बाटलीतल्या गोड शीतपेयांचंही तेच. घोटभर रसानं कुणी मरत नाही आणि लग्नातल्या मांड्याला मी नाही म्हणत नाही. कुंदा तर दुधाचा आहे, असा युक्तिवाद मी घरात करून बघितला, चालला नाही. पण पथ्यानं आकडा थोडासाच हलतो. नुसतं पथ्य पाळून सहाच्या खाली येणारे कमी, आणि ज्याला गोळीची गरज आहे त्याला पथ्य हा पर्याय नव्हे. हे कुणाला सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो.

राहता राहिला साठ्याचा प्रश्न. डिसेंबर आला की सुवर्णसौध या बेळगावच्या विधानभवनात कर्नाटकाचं अधिवेशन, इकडे मराठी भाषिकांच्या महामेळाव्याची तयारी, आणि मध्येच कुठं तरी दगड पडतो. २०२२ च्या डिसेंबरात तणाव वाढला तेव्हा दोन्हीकडच्या बस थांबल्या होत्या. त्याआधी कोरोनात कोगनोळीच्या सीमानाक्यावर रिपोर्ट दाखवल्याशिवाय सोडत नव्हते. मिरजेच्या दुकानातलंच पाकीट लागतं असा हट्ट असलेली माणसं तेव्हा गोळीविना बसली. मूळ नाव आणि मिलिग्रॅम ठाऊक असेल तर तेच औषध खानापुरातही मिळतं, हे त्यांना सुचलं नाही. एखादा दिवस गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी नेहमीची एकच घ्यायची, दोन नाही. बरेच दिवस खंड पडला असेल तर जुन्या मोठ्या डोसनं परत उडी घ्यायची नाही, डॉक्टरांना विचारून खालून चढत यायचं.

मामांनी आता दोनातलं एक फेब्युक्सोस्टॅट ठेवलंय, सुभेदारांचं पाकीट सुभेदारांना परत गेलंय. आकडा साडेपाचच्या आसपास असतो आणि पाय बरा आहे. तरी अधूनमधून विचारतात, “आता तर बरा हाय की, सोडू काय?” सून कागद पुढे करते. दिवाळीनंतर किडनीसाठीची क्रिएटिनिन आणि लिव्हरची तपासणी करायची आहे. ती बेळगावात करायची की मिरजेत, यावर बापलेकाचं अजून जमलेलं नाही.